दसऱ्याच्या धुण्यातली बॅग

"तुमची ती झोपायची निळी बॅग मला द्या, वन्सं," मी म्हणाले. "मला थंडी सोसत नाही. तुम्ही क्लबची घ्या."

वन्सं तंबूच्या तोंडाशी बसून बुटांच्या नाड्या सोडत होत्या. त्यांचे हात थांबले.

वन्सं म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण, वैजयंता. घरात सगळे वैजू म्हणायचे. माझं लग्न होऊन सात महिने झाले होते आणि त्या सात महिन्यांत मी त्या घरात कुणाकडे काही मागितलं नव्हतं, ताटात मीठ कमी पडलं तरी नाही. आणि पहिल्यांदा तोंड उघडलं ते हे, उत्तरकाशीच्या वर, गुडघाभर बर्फात, आणि मागितली ती त्यांनी जिवापाड जपलेली वस्तू.

"माझी?" वन्सं म्हणाल्या.

"हो. तुम्हाला सवय आहे थंडीची. मी काय, पहिल्यांदाच आलेय."

"अगं पण पहाटे वर जायचंय ते मला, शकू. तू तंबूतच थांबणार आहेस. उन्हं येईपर्यंत लोळत पडलीस तरी कोण विचारतंय?"

"म्हणून काय झालं? मी माणूस नाही का?"

माझ्या आईने हे ऐकलं असतं तर तिथल्या तिथे थोबाडीत दिली असती. वन्संनी माझ्याकडे नीट बघितलं, जणू ही कोण आमच्या घरात आली म्हणून. मग दोरीने आवळलेली निळी थैली माझ्याकडे सरकवली.

"घे बाई," म्हणाल्या, आणि गिर्यारोहण क्लबची खाकी बॅग स्वतःकडे ओढून पुन्हा नाड्या सोडायला लागल्या.

मला ती बॅग नको होती. देवाशपथ सांगते, त्या रात्री अंगावर घ्यायला मला गोणपाट चाललं असतं. पण वन्संना त्या बॅगेत झोपू द्यायचं नव्हतं, आणि का ते सांगायचंही नव्हतं. मग दुसरं काय करणार?

हे कळायला दसऱ्याच्या धुण्यापासून सांगावं लागेल. आमच्याकडे, कृष्णाकाठच्या गावांत, घट बसायच्या आधी घरातलं एकूण एक अंथरूण-पांघरूण नदीवर जातं. वाकळा, चादरी, उशांचे अभ्रे, देवाचं आसन, सगळं. एक चिंधी घरात बिनधुतलेली राहिली तर घट बसवायचे नाहीत. नव्या सुनेचं पहिलं धुणं म्हणजे तर परीक्षाच. घाटावरच्या बायका हात चालवता चालवता डोळ्याच्या कोपऱ्यातून बघत असतात, हिचा पिळा कसा, हिचा दणका कसा. मी बैलगाडी भरून धुणं काढलं. निघता निघता माडीवरच्या दाराआड खुंटीला एक निळी थैली दिसली. सोडून बघितली तर आत गुळगुळीत कापडाची, मऊ, फुगलेली गोधडी. मी म्हटलं, ही बरी विसरत होते.

सोड्याच्या पाण्यात भिजत घातली आणि दगडावर टाकून धोपाटण्याने चांगली बडवली. पहिल्यांदा मला शंका आली ती पिळताना. आतून काहीतरी गोळ्या-गोळ्यांनी एका टोकाला चाललं होतं. चार दिवस परसातल्या गडग्यावर वाळत घातली तरी ते गोळे सुटेनात. एका जागी ढेकळं, दुसऱ्या जागी नुसतं कापड. आणि शिवण जराशी उसवून बघते तो आत पिसं. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. वन्संची ती डोंगरावरची बॅग. दोन वर्षं नवी साडी न घेता त्यांनी दिल्लीहून मागवलेली. वन्सं टेलिफोन खात्यात होत्या आणि तेव्हा महिनाभराच्या ट्रेनिंगला पुण्याला गेल्या होत्या.

माझी पाचावर धारण बसली. आत्याबाईंना, म्हणजे सासूबाईंना, सांगायची सोय नव्हती, कारण तोवर त्यांनी शेजारीपाजारी माझ्या धुण्याचं कौतुक करून ठेवलं होतं. मग मला जे येत होतं ते मी केलं. माझं माहेर गोधड्या शिवणाऱ्यांचं. माझ्या आईचा धावदोरा पाच गावांत प्रसिद्ध. मी बॅगेची एक कड उसवली, एकेक गोळा बोटांनी मोकळा केला, पिसं सारखी पसरली, आणि ती परत हलू नयेत म्हणून कडेपासून मध्यापर्यंत बोटभर अंतरावर टाके घातले. निळ्याला निळा दोरा. घर निजलं की माडीवर बसायचं. अकरा रात्री लागल्या. संपलं तेव्हा खोटं कशाला बोलू, मला अभिमानच वाटला. पहिल्यापेक्षा घट्ट झालीय, पहिल्यापेक्षा देखणी झालीय. मी ती थैलीत कोंबून खुंटीला लावली आणि आता कुणाला काही कळायचं नाही म्हणून हुश्श केलं.

वन्सं तेव्हा बत्तीस वर्षांच्या होत्या. लग्न नाही, त्यांना बस डोंगर. दोनदा हिमालयात गेल्या आणि दोनदा अर्ध्यातून परत आल्या. पहिल्यांदा वादळ आलं. दुसऱ्यांदा पाय गारठले, डाव्या पायाची करंगळी काळी पडली आणि डॉक्टरांनी ती अर्धी काढली. गावातल्या टवाळांना तेवढंच निमित्त. 'काय वैजूताई, ह्या खेपेला कुठल्या बोटापर्यंत?' असं तोंडावर विचारायचे. आत्याबाई तर वैतागल्याच होत्या. त्यांनी वन्संना देव्हाऱ्यापुढे बसवलं.

"हे तिसरं आणि शेवटचं, वैजे," त्या म्हणाल्या. "ह्या वक्ताला वर जाऊन आलीस तर मी पुन्यांदा तोंड उघडायची न्हाय. न्हाय गेलीस तर तुझा त्यो दोर आडाला लावायचा. हात लाव देवाला."

वन्संनी हात लावला. मग आत्याबाईंनी दुसरी अट घातली, बाईमाणूस एकटी जायची नाही, सुनेला सोबत न्यायची. म्हणून मी तिथे. माझा नवरा म्हणाला, जा, तुलाही बर्फ बघायला मिळेल.

आणि मला वन्सं आवडायच्या. सासरी आल्यापासून 'शकू, तुला काय वाटतं?' असं विचारणारं तेवढं एकच माणूस होतं. माझी बारावी राहिली होती, तर त्यांनी आत्याबाईंशी भांडून बाहेरून परीक्षेचा फॉर्म भरून आणला होता. त्यांची मला भीती अजिबात नव्हती. त्यांच्या मनातून उतरण्याची होती. ती भीती फार वाईट.

खालच्या मुक्कामांना लाकडी घरं मिळाली, त्यांच्या जाड रजया मिळाल्या, त्यामुळे बॅगा कुणी सोडल्याच नाहीत. शिखराखालचा बर्फावरचा मुक्काम हा एकच. दुपारी तीनला तंबू लागले आणि आमचे पुढारी बर्गेसर, हायस्कुलातले चित्रकलेचे मास्तर, चहाचा मग घेऊन मधोमध उभे राहिले. वन्सं तेव्हा वरच्या उतारावर दोराचा सराव करत होत्या.

"बॅगा आत्ताच काढून झटकून ठेवा," सर म्हणाले. "झोपायच्या वेळी नाही, आत्ता. पिसांना फुगायला दोन तास लागतात."

"फुगली नाहीत तर?" मी विचारलं.

"तर काकडायचं. वहिनी, ऊब पिसांची नसते. पिसांच्या मधे जी हवा अडकते तिची असते. ती अंगाने तापते आणि तिथेच राहते. पिसं दबली की हवा गेली, हवा गेली की ऊब गेली."

"आणि समजा, कुणी टाके घातले तर? पिसं हलू नयेत म्हणून?"

सर हसले. "मग छान गोधडी होईल. पण इथं रात्री उणे बारा-पंधरा होतं. गोधडीत झोपलेल्याच्या पायांची बोटं सकाळी मोजून घ्यावी लागतील."

चहा तसाच ठेवून मी तंबूत गेले, निळी थैली जराशी सोडली आणि हात आत घातला. माझे टाके हाताला लागले, एकेक. चार-पाच सुती चादरी एकावर एक घालाव्यात तशी पातळ. वन्संची अर्धी करंगळी माझ्या डोळ्यांपुढे आली. आणि वन्सं सराव संपवून आल्या तेव्हा मी ते म्हणाले, जे सुरुवातीला सांगितलं.

संध्याकाळी त्या माझ्याशी गरजेपुरतंच बोलल्या. पण शिकवायचं ते सगळं शिकवलं. तोच तर त्यांचा स्वभाव होता.

"दिवसभराचे मोजे काढ. घामाने ओले असतात. कोरडे घाल, एकच जोडी, सैल. तीन-तीन घालून पाय आवळू नकोस, रक्त चालत नाही."

"हो."

"नाक-तोंड बाहेर ठेव. बॅगेत श्वास सोडलास की आत दमट होतं. झोपायच्या आधी हा गूळ-शेंगदाणा खा. पोटात काही असलं तर अंग तापतं. आणि बाहेर जाऊन ये, आळस करू नकोस."

"हो, वन्सं."

स्टोव्हवर बर्फ वितळवून त्यांनी दोन ॲल्युमिनियमच्या बाटल्या गरम पाण्याने भरल्या. पहिली बाटली मोज्यात घालून माझ्याकडे दिली.

"पायाशी ठेव," म्हणाल्या. माझ्याकडे बघितलं मात्र नाही.

झोपायच्या आधी बर्गेसर तंबूपाशी येऊन बजावून गेले. पहाटे तीनला हाक मारणार. ज्याला बरं वाटत नसेल त्याने खरं सांगायचं. कुणाचा जीव धोक्यात आहे असं दिसलं तर चढाई रद्द, नऊच्या नऊ माणसं खाली. त्यात हयगय नाही. वन्सं हो म्हणाल्या आणि टॉर्च विझवला.

मी अंधारातच बॅग पसरली आणि आत शिरले. पहिला अर्धा तास बाटलीच्या जिवावर बरा गेला. मी मनात म्हटलंसुद्धा, सर उगाच घाबरवतात. मग खालून गारवा यायला लागला, मग कुशीतून, मग सगळीकडून. या कुशीवर वळले तर पाठ उघडी पडल्यासारखी वाटे. त्या कुशीवर वळले तर गुडघे. टाक्यांच्या ओळी मला अंधारात मोजता येत होत्या, कारण जिथे जिथे टाका होता तिथे तिथे थंडी बोटाने टोचत होती. आई शिकवायची, टाका बारीक आणि जवळ जवळ घाल, शकू, गोधडीचा जीव टाक्यात असतो. मी एकही लांब टाका घातला नव्हता.

मग वन्संनी सांगितलेलं सगळं मी उलटं करत गेले. पाय कळेनात म्हणून पिशवीतले मोज्यांचे उरलेले दोन्ही जोड एकावर एक चढवले. नाक झोंबायला लागलं म्हणून डोकं आत घेतलं. श्वासाने गळ्यापाशी कापड ओलं झालं आणि जरा वेळाने तेच कडक झालं. दात वाजायला लागले. शेजारी ऐकू जाऊ नये म्हणून मी ओढणीचा बोळा तोंडात धरला. वन्सं पाठ करून पडल्या होत्या. त्यांना झोप लागलीय असंच मला वाटलं. दहा वेळा तरी मनात आलं, हाक मारावी. हाक मारली की सांगावं लागणार. सांगितलं की त्या उठून बसणार, टॉर्च लावणार, टाके बघणार. मग उजाडेपर्यंत निघेल म्हणून मी परत कूस बदलायची. उजाडायला किती वेळ होता देव जाणे. बाटली पायाशी गार दगड झाली होती.

पुढे पुढे मला बरं वाटायला लागलं. पाय दुखायचे थांबले. खरं तर पाय होते की नाही तेच कळेना. मी घाटावर धुणं बडवतेय आणि पाणी कोमट आहे, असं काहीतरी दिसत होतं.

"शकू."

मी ओ दिली असं मला वाटलं. दिली नसावी.

"शकू, ऊठ. चुळबुळ का थांबली तुझी? शकू."

टॉर्चचा उजेड तोंडावर आला. वन्संनी माझा गाल चापटला, मग बॅगेत हात घातला आणि तो हात तिथेच थांबला. बॅगेची कड उलटी करून त्यांनी टॉर्च जवळ नेला. मला दिसत होतं त्या काय बघतायत ते, पण मला त्याचं काही वाटेना, इतकी मी सुस्त झाले होते. त्यांनी मला ओढून बाहेर काढलं, मोजे उपसून टाकले, स्वतःचं जाकीट आणि स्वेटर वर करून माझे दोन्ही पाय सरळ पोटाला लावले आणि वरून सगळं खाली ओढलं. त्यांच्या तोंडून एक हुंकार आला, तेवढाच. मग तशाच बसल्या बसल्या हात लांब करून तंबूच्या तोंडाशी स्टोव्ह पेटवला आणि गुळाचं पाणी घोट घोट माझ्या तोंडात घातलं.

पायांना कळ आली तेव्हा मी ओरडले. वन्सं म्हणाल्या, "ओरड. चांगलं आहे. पण हळू, सर उठतील."

निळी बॅग खाली अंथरून आम्ही दोघी त्या एका खाकी बॅगेत शिरलो. चेन अर्धीच लागली. वरून दोन्ही जाकिटं घेतली. हळूहळू मला थंडी वाजायला लागली, म्हणजे मी शुद्धीवर आले.

"हे टाके कुणी घातले?" वन्संनी विचारलं.

"मी."

"का?"

मी सांगितलं. खुंटी, घाट, धोपाटणं, ढेकळं, सगळं. सांगताना दात वाजत होते, त्यामुळे वेळ लागला.

"किती रात्री शिवत होतीस?"

"अकरा."

त्यांनी खाली अंथरलेल्या बॅगेवरून बोट फिरवलं. मग म्हणाल्या, "टाके छान आहेत. एक वाकडा नाही."

मला रडू फुटलं.

"रडू नकोस. इथं पाणीसुद्धा गोठतं," वन्सं म्हणाल्या. "संध्याकाळी बॅग मागितलीस ती ह्यासाठी?"

"तुमची करंगळी... परत तसं होऊ नये म्हणून."

"आणि मला वाटलं, भावाला हावरट बायको मिळाली. तेच उगाळत पडले होते मी. आपली माणसाची पारख चुकली म्हणून. डोळा लागला नाही माझा."

"तुम्ही जाग्या होतात?"

"तू इतकी वळवळतेयस म्हटल्यावर कोण झोपणार? मी म्हटलं, एवढी चांगली बॅग घेऊनसुद्धा हिला चैन नाही. मग तुझा आवाज बंद झाला, तेव्हा मात्र भीती वाटली."

मी त्यांचा हात धरला. त्यांनी तो सोडवून घेतला नाही, पण बोलल्या त्या स्पष्टच बोलल्या.

"माझी बॅग गेली याचं मला वाईट वाटतंय, शकू. नाही वाटत असं म्हणणार नाही. पण त्याहून जास्त कशाचं वाटतंय सांगू? संध्याकाळी तू एक वाक्य बोलली असतीस तर आपण दोघी तेव्हाच अशा झोपलो असतो. निळी खाली, खाकी वर. पहाटे मी शिखरावर गेले असते."

"अजून जाता येईल की. मी बरी आहे आता."

त्यांनी घसरलेलं जाकीट माझ्या खांद्यावर ओढलं. मी म्हटलं, जातील. मनातल्या मनात ग्रामदेवतेला नारळ बोलले, जाऊ दे म्हणून.

तीनला बर्गेसरांचा आवाज आला. "वैजयंता, चला. चहा तयार आहे. पाय कसे आहेत?"

वन्संनी चेन जराशी उघडली. बाहेर उजेड नव्हता, पण बर्फाचा फिकटपणा होता. "गार पडलेत, सर," त्या म्हणाल्या. "डावा तर कळतच नाही. धोका नको. मी येत नाही."

सरांनी विचारलं, "परत?"

"हो, परत."

"शकूवहिनी?"

"ती ठणठणीत आहे. झोपलीय. माझ्यासोबत खाली उतरेल. तुम्ही निघा, सर, उशीर करू नका."

मी तोंड उघडलं तर वन्संनी हात ठेवला. बाहेर बूट वाजले, कुणीतरी दबक्या आवाजात 'यांचं दरवेळचंच आहे' म्हणालं, आणि बुटांचे आवाज वर निघून गेले. मग त्यांनी हात काढला.

"हे काय केलंत?" मी म्हटलं.

"तुला उभं राहता येतं का? राहून दाखव."

मी उठायला गेले आणि गुडघ्यात मोडले.

"बघितलंस? तुला एकटी टाकून मी जाऊ शकत नाही. रात्री काय झालं ते सरांना सांगितलं असतं तर त्यांनी सगळ्यांना खाली उतरवलं असतं. सात माणसं वर्षभर तयारी करून आलीत. आणि घरी कळलं असतं की सून मरता मरता वाचली, तर तुला उंबऱ्याबाहेर पाय टाकू दिला नसता. बारावीचं तर नावच सोड." त्या जाकिटाची चेन लावत होत्या. "माझे पाय गारठले म्हटलं की कुणी दुसरा प्रश्न विचारत नाही. सगळ्यांना सवय आहे."

उन्हं आल्यावर आम्ही तंबूबाहेर बसलो. वरच्या धारेवर सात ठिपके सरकताना दिसत होते. वन्सं त्यांच्याकडे बघत होत्या. मध्येच म्हणाल्या, आता ते उजवीकडे वळतील, तिथे कडक बर्फ आहे. ते वळले. शेवटचा ठिपका वर जाऊन दिसेनासा होईपर्यंत त्या बसल्या होत्या, आणि मी त्यांच्याकडे बघत बसले होते. मग त्यांनी निळ्या बॅगेची घडी घातली. घडी इतकी सोपी आणि चपटी झाली की दोघींनाही हसू आलं, आणि पुढच्याच क्षणी मला स्वतःची लाज वाटली.

चौथ्या दिवशी संध्याकाळी आम्ही गावी पोचलो. पौषातली थंडी होती. बातमी आमच्या आधीच आली होती, सरांनी टेलिफोन केला होता. आत्याबाई ओसरीवर बसल्या होत्या. आम्ही दोघी घोंगडीवर टेकलो. त्यांनी आधी चहा दिला, आमच्या पायांवर एक वाकळ टाकली, दसऱ्याला मीच धुतलेली, आणि मग विचारलं.

"काय गं वैजे, आलीस व्हय परत? पायच का?"

"पायच," वन्सं म्हणाल्या.

"गार पडलं?"

"पडले."

"मग दोर?"

"लावा आडाला."

माझ्या नवऱ्याने दोर उचलला आणि परसात घेऊन गेला. त्या दोराने पुढे तेरा वर्षं मी पाणी ओढलं, नळ येईपर्यंत. लाल-पांढरा दोर होता, तुटला म्हणून नाही. आता मीच सासू झालेय, तरी गावात अजून वन्संना 'अर्ध्यातून येणाऱ्या बाई' म्हणतात, आणि त्या हसून घेतात. मी बारावी झाले, डीएड झाले, शाळेत लागले. एकदाही कुणापुढे खरं बोलले नाही. आज पहिल्यांदा सांगतेय.

पण त्या दिवशी ओसरीवर मी बोलणार होते. खरंच बोलणार होते. आडावर रहाट करकरला आणि मला ते सोसलं नाही. मी कप खाली ठेवला.

"आत्याबाई," मी म्हटलं, "वन्संच्या पायांना काही..."

वाकळेखाली माझ्या पावलावर एक पाऊल आलं आणि घट्ट दाबून राहिलं. वन्सं समोर बघत चहा पीत होत्या.

"काय म्हनतीस?" आत्याबाईंनी विचारलं.

ते साडेचार बोटांचं डावं पाऊल होतं. चांगलं गरम होतं.